शहागंजातली फ्रेंच

त्यांचं नाव मूसा नव्हतं. हे मला कळायला दीड वर्ष लागलं. वेरूळ-अजिंठ्याला येणारे परदेशी पाहुणे त्यांना ‘मस्यू, मस्यू’ अशी हाक मारायचे. फ्रेंचमध्ये ‘साहेब’ म्हणायची ती पद्धत. ते ऐकून स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांनी आणि चहावाल्यांनी ठरवून टाकलं, की ह्या माणसाचं नाव मूसा. तिथून ते शहागंजला पोचलं आणि सगळ्या मोहल्ल्यानं त्यांचे मूसाभाई करून टाकले. भाभी, म्हणजे त्यांची बायको, चिडली की तीही ‘ओ मूसाभाई’ म्हणायची. खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. मीही इथं मूसाभाईच म्हणते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. देवगाव रंगारीहून बी.ए. होऊन आलेली, गारखेड्याला मावशीकडे राहणारी. स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मला टेलिफोनवर बसवलं होतं. औरंगाबाद तेव्हा चहूबाजूंनी सुटत चाललं होतं. मावशीच्या घरामागं सकाळी ज्वारीचं रान दिसायचं आणि संध्याकाळी तिथं कुणीतरी चुन्यानं प्लॉटच्या रेघा मारून गेलेलं असायचं. वाळूजला कारखाने वाढत होते, स्टेशनरोडला हॉटेलं उभी राहत होती, आणि पाणी मात्र वर्षागणिक कमी होत होतं.

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी मी फोनवर म्हणाले, “सायेब नायत. वेरूळला गेलेत. लई वेळ लागंल.”

मॅनेजर मागंच उभे होते. पुण्याकडचे होते. फोन ठेवल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, ‘लई’ नको, आणि ‘नाय’ तर अजिबातच नको. गिऱ्हाइकाला वाटेल, बैलबाजारात फोन लागला.”

सगळे हसले. माझी जीभ त्या दिवशी जी आत गेली ती जवळजवळ महिनाभर बाहेर आली नाही. फोनवर पाठ केलेली चार वाक्यं, बाकी काम चिठ्ठ्यांवर.

ऑफिसच्या दाराशी एका स्टुलावर मूसाभाई बसलेले असायचे. आमच्याकडचे फ्रेंचचे एकुलते एक गाईड. वय पंचावन्नच्या पुढं, उभी किरकोळ अंगलट, डोक्यावर कुणा पाहुण्यानं दिलेली चपटी निळी लोकरीची टोपी. मे महिन्यातसुद्धा. फक्त शुक्रवारी ती खिशात जायची आणि नमाजाची पांढरी टोपी डोक्यावर यायची. महिनाभर त्यांनी माझ्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि एक दिवस विचारलं, “मुकी हाय का तू?”

मी मान हलवली.

“मग बोल की. माझं आजोळ कन्नडच्या बाजूला हाय. अम्मी आजूनबी तिथंच ऱ्हाते, मामूच्या घरी. ‘लई’ ऐकलं की मला लहानपन आठवतं. ह्या हापिसात बोलनारं कुनीच नाय तसं.”

मी म्हणाले, “लोक हसतात.”

“हसू दे. मी तर लोकांच्या देशाची भाषा बोलतो आन् तेबी हसतात. हसत हसत मला सगळी शिकवून गेले.”

हे खरंच होतं. मूसाभाई फ्रेंच कुठल्या शाळेत शिकले नव्हते. पंचविशीत अजिंठ्याच्या लेण्यांत दुसऱ्या गाईडांमागं बॅटरी धरून उभे राहायचे, तेव्हापासून त्यांनी ही भाषा एकेका माणसाकडून एकेक शब्द अशी गोळा केली होती. त्यांच्याकडं कापडी बांधणीची एक लांबट वही होती. पहिल्या रकान्यात उर्दू लिपीत शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात तो कुणी दिला ते. ‘छत्री – जिनिव्हाची नर्स.’ ‘कंटाळा – लंगडा फोटोग्राफर.’ ‘मेहुणा – तीन बहिणींपैकी मधली.’ शब्द विसरला तर ते आधी माणूस आठवायचे. “ती पिवळ्या चपलावाली, जिला माकडानं धरली व्हती...” असं पुटपुटत राहायचे आणि शब्द यायचा.

बक्षिसी ते घ्यायचे, पण निरोप घेताना प्रत्येकाकडं आणखी एक मागणं असायचं: वाचून झालेलं पुस्तक असलं तर ठेवून जा. त्यामुळं शहागंजच्या त्यांच्या दोन खोल्यांत भिंतभर फ्रेंच पुस्तकं झाली होती. खुनाच्या कादंबऱ्या, मधमाश्या पाळायचं पुस्तक, बाळंतिणीच्या आहाराचं पुस्तक, पोरांचा भूगोल. सगळी सारख्याच आदरानं वाचलेली. एका बाईनं ओझं नको म्हणून कादंबरी मधोमध फाडली होती आणि वाचून झालेला पहिला अर्धा भाग त्यांना देऊन दुसरा घेऊन विमानात बसली होती. मूसाभाई तो अर्धा भाग दर रमजानला भाभींना वाचून दाखवायचे, घरच्या दखनी उर्दूत तर्जुमा करत, आणि शेवट दर वर्षी स्वतः रचायचे. पुढं एका पाहुण्यानं ती कादंबरी अख्खी पाठवतो म्हटलं तर ह्यांनी हात जोडले. “नको. हिनं मनातल्या मनात त्या पोरीचं डॉक्टरशी लगीन लावून टाकलंय. तिकडं भलतंच निघालं तर घरात जेवायला मिळायचं नाय.”

मला फ्रेंच शिकवायचं त्यांनी केव्हा ठरवलं ते मला आठवत नाही. मला विचारलं तर नक्कीच नव्हतं. एक दिवस म्हणाले, “रविवारी दुपारी घरी ये. भूक ठेवून ये.” त्यांचा क्रम ठरलेला होता: आधी कान, मग जीभ, डोळे शेवटी. म्हणजे आधी गाणी, मग जेवण, आणि पुस्तक सगळ्यांत शेवटी. व्याकरणाचं नावही नाही.

भाभी तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या आणि टेपवर पश्चिम आफ्रिकेतल्या कुठल्याशा बाईचं गाणं चालू असायचं. फ्रेंच नुसती फ्रान्सात बोलतात असं मला वाटायचं. मूसाभाईंनी पहिल्याच रविवारी पोरांच्या भूगोलातला नकाशा उघडून माझा गैरसमज घालवला होता. बेल्जम, स्वित्झर्लंड, कॅनडाचा एक भाग, अल्जेरिया, निम्मी आफ्रिका, आणि दूर समुद्रातली बेटं. ते गाण्याची एकेक ओळ थांबवून भाभींना सांगायचे.

“बोलती है, तू गया तो गया, मेरी छत्री काय कू लेके गया?”

भाभी तांदळातून मान वर न करता म्हणायच्या, “इत्ता बढ़िया गला, और रोना छत्री पे?”

“छत्री का बहाना है ना!”

“तो सीधा बोलना था.”

मी हसले की मूसाभाई लगेच मला त्या ओळी म्हणायला लावायचे. गाताना मात्र माझी जीभ अडत नव्हती. हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं होतं.

स्वयंपाक म्हणजे समारंभ असायचा. दोन किलो कांदे उभे चिरून मंद आचेवर दीड-दोन तास परतायचे, तांबूस मधासारखे होईपर्यंत. पुस्तकात त्यात दारू होती, मूसाभाई उसाचा सिरका घालायचे. वर तरंगायला पाव हवा, तोही लांब. त्यासाठी त्यांनी शहागंजच्या भट्टीवाल्याच्या मागं लागून हातभर लांबीचा पाव करून घेतला होता. पहिला पाव भट्टीतून निघाला तो रुळासारखा टणक. भट्टीवाल्यानं तो टेबलावर आपटून विचारलं होतं, “मूसाभाई, ये खाने का है के मारने का?” सातव्या-आठव्या खेपेला जमलं, आणि नंतर तो पाव इतका खपला की मोहल्ल्यात लग्नाच्या शोरब्याबरोबर तोच मागवायला लागले.

एकदा समुद्राकाठच्या कुठल्याशा शहराची खासियत म्हणून त्यांनी मोठ्या थाटात तव्यावरून काहीतरी माझ्या ताटात उलटलं. मी घास घेतला आणि तोंडातून निघून गेलं, “मूसाभाई, हे तर बेसनाचं धिरडं हाय!”

“मग?” ते उलथनं रोखून म्हणाले, “त्यांच्या आया धिरडं करत नसतील का?”

रागही मोठा होता त्यांचा. वाळूजच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या फ्रेंच इंजिनियरला त्यांनी एकदा जेवायला बोलावलं. दोन दिवस खपून त्याच्या गावाकडचे पदार्थ केले. तो भला माणूस चवीनं जेवला, आणि मग भाभींच्या ताटातल्या हिरव्या ठेच्याकडं बोट दाखवून म्हणाला, हे काय आहे? त्यानंतर त्यानं सूप, भाजी, पाव, सगळं ठेच्याबरोबर खाल्लं, डोळ्यांतून पाणी गाळत. मूसाभाई दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. भाभी आठवडाभर हसत होत्या.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. जायकवाडीच्या आकड्यांवर लोक क्रिकेटच्या स्कोरसारखी नजर ठेवायला लागले. शहागंजात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही तासभर. टँकर आला की गल्लीत भांडणं. भाभींनी जाहीर केलं, की आता फ्रान्स बंद, दोन किलो कांद्याची कढई घासायला पाणी नाही.

मूसाभाईंनी वही काढली. त्यात अल्जेरियाच्या एका प्रोफेसरानं सांगितलेली रीत होती. तोही कोरड्या मुलखातला माणूस. पसरट मातीच्या भांड्यात भाज्या रचायच्या, पाण्याचा थेंब घालायचा नाही, वर शंकूसारखं उंच झाकण ठेवायचं. भाजीचीच वाफ वर जाते, थंड होते, परत भाजीत उतरते. त्यांनी कुंभाराला चित्र काढून दिलं. पहिलं झाकण तडकलं, दुसरं बसेना, तिसरं बसलं. वांगी, दोडके, टमाटे, थोडं मटण. दीड तासानं झाकण उचललं तेव्हा तळाशी वाटीभर रस्सा होता.

भाभी वाकून बघत राहिल्या. “पानी कहाँ से आया?”

“भाजी का अपना,” मूसाभाई म्हणाले. त्या एका वाक्यात तीस वर्षांच्या संसारातला विजय होता.

गल्लीतल्या बायका बघायला आल्या. त्यांनी त्या भांड्याला ‘मूसाभाईचा घुमट’ नाव दिलं आणि त्या उन्हाळ्यात कुंभारानं असे कितीतरी घुमट विकले.

त्याच उन्हाळ्यात ते पत्र आलं. भाषेच्या गाईडांना परवाना नवा करून घ्यायचा असेल तर पुण्याला परीक्षा द्यावी लागेल, लेखी आणि तोंडी. परवाना नाही तर ऑक्टोबरपासून पाहुण्यांचे गट नाहीत. मूसाभाई पत्र वाचून हसले. “माझी परीक्षा? मी तर रोजच देतो.” कोट इस्त्री करून, भाभींनी दिलेला डबा घेऊन पुण्याला गेले.

परत आले त्यानंतर पाच दिवस ऑफिसला आलेच नाहीत. सहाव्या दिवशी मीच शहागंजला गेले. भाभींनी दार उघडलं आणि नुसतं आत बोट केलं. टेपवर कपडा टाकलेला. मूसाभाई खिडकीशी मराठी पेपर वाचत होते. लेखी परीक्षेत काठावर पास झाले होते. तोंडीत नापास.

“परीक्षक म्हनाला, ही फ्रेंच नाय, खिचडी हाय. आकडे बेल्जमचे, शिव्या कॅनडाच्या, हेल आफ्रिकेचा. म्हनाला, तुमची भाषा कुठली तेच कळत नाही.” मग म्हणाले, “हसला असता तर चाललं असतं. त्यानं कीव केली.”

भाभी दारातून म्हणाल्या, “अब फ्रेंच में बात नहीं करूँगा बोलते. पाँच दिन हो गए. मेरे से तो ये खामोशी नहीं देखी जाती.”

तीन महिन्यांनी पुन्हा बसता येणार होतं. मी म्हणाले, “मग त्यांचे आकडे पाठ करा की. तेवढ्यासाठी काय?”

“तुला ठाऊक हाय का ते सत्तरला काय म्हनतात?” ते उसळले. “माझ्या बेल्जमच्या बाईनं सरळ शब्द दिलाय, सेप्तांत. सत्तर. आन् ह्यांचं काय, तर ‘साठ-दहा’! ऐंशीला म्हनं ‘चार-वीस’! नव्वदला ‘चार-वीस-दहा’! ही भाषा हाय का हिशेबाचा घोटाळा? शहान्या मानसानं असं बोलावं?”

मला आत्या आठवली. देवगावच्या बाजारात अंडी विकणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली माझी आत्या.

“मूसाभाई, आमची आत्या असंच मोजते. तिला साठ-सत्तर येतच नाय. तीन विसा. तीन विसा न् दहा. चार विसा.”

त्यांनी पेपर खाली ठेवला.

“पुन्हा म्हन.”

“चार विसा म्हंजे ऐंशी. चार विसा न् दहा म्हंजे नव्वद. सगळा बाजार तसाच मोजायचा.”

“माझी अम्मीबी,” ते हळू आवाजात म्हणाले. “बकऱ्या मोजायची. दो बीसी, तीन बीसी...” आणि एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, “भाभी!” स्वतःच्या बायकोला! “ओ, सुनती क्या? वो पॅरिसवाले भी अपने कन्नड तालुके के हैं!”

त्या दिवशी पाच दिवसांनंतर टेप लागला. आणि माझ्याबद्दल सांगायचं, तर शहरात आल्यापासून गावाकडची एखादी गोष्ट मी पहिल्यांदाच मान खाली न घालता बोलले होते. ती कामाला आली होती.

पुढचे तीन महिने मी परीक्षक. रोज ऑफिस सुटल्यावर तासभर मी पुस्तक धरून प्रश्न विचारायचे आणि ते पॅरिसच्या फ्रेंचमध्ये उत्तर द्यायचे. चुकीचा देश तोंडात आला की मी टेबल वाजवायचे. त्यांना पकडायचं तर मला आधी यायला हवं, म्हणून मी मावशीकडं पहाटे उठून क्रियापदं घोकायचे. शिकले ती अशी, दुसऱ्याच्या चुका काढता काढता. त्यांनी एकच अट घातली होती: “परीक्षेला त्यांची. घरी सगळ्यांची.”

दुसऱ्या खेपेला भाभी आणि मी बरोबर गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो. बाकीच्यांना दहा मिनिटं लागत होती, मूसाभाई पाऊण तास बाहेर आले नाहीत. भाभींची तसबीहची माळ दोनदा फिरून झाली. शेवटी दार उघडलं, आणि त्यांच्या मागून पांढऱ्या केसांच्या परीक्षक बाई त्यांना सोडायला दारापर्यंत आल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“तिनं घरच्यांचं विचारलं. मी म्हटलं, आई हाय. वय विचारलं. ब्याण्णव! मी म्हटलं, चार-वीस-बारा, बरोबर त्यांच्यासारखं. आन् मग मला ऱ्हावलं नाय.”

“म्हंजे?”

“सांगून टाकलं, की बेल्जमला ह्यालाच नोनांत-द म्हनतात, आन् माझी अम्मी स्वतः ‘चार बीसी बारा’ म्हनते. ती बाई पेन ठेवून बसली. वही बघायला मागितली. मग बोलतच बसलो.”

“पास?” भाभींनी विचारलं.

“हौ तो! पास.”

भाभींनी तिथंच बाकावर डबा उघडला.

दोन वर्षांनी त्यांनी मला परीक्षेला बसवलं. तोवर गट वाढले होते आणि ऑफिसला दुसरा गाईड हवाच होता. मी पास झाले. मॅनेजरांनी पेढे मागवले, आणि मी त्यांना म्हणाले, “लई गोड हायत.” ते हसले, पण ह्या वेळी मीही हसत होते.

माझा पहिला गट अठरा जणांचा होता, सगळे निवृत्त. वेरूळला न्यायचे होते. मूसाभाई म्हणाले, “मी येतो, पन बोलनार नाय.” खरोखरच ते बसमध्ये सगळ्यांत मागं जाऊन बसले. कैलास लेण्यात मी वीस मिनिटं नीट बोलले. मग गाभाऱ्यात पिंडीपाशी आलो, आणि अभिषेकाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीपाशी माझी गाडी अडली. शब्दच येईना. अठरा चेहरे माझ्याकडं बघत होते. मी मूसाभाईंकडं पाहिलं. ते छताकडं बघत उभे.

मग मी हातानं दाखवायला लागले: वरून पाणी पडतं, इथून वाहतं, पलीकडं जातं, घराच्या छपरालाही असते ती. गर्दीतून एक जाड बोटांचे आजोबा पुढं आले. त्यांनी जन्मभर घरांची छपरं घातली होती. पन्हळीवर हात ठेवून, लेकराला सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं, “गुत्येर.” मी म्हटलं, “गुत्येर.” त्यांनी मान डोलावली आणि मी पुढं बोलायला लागले.

परतताना दौलताबादच्या घाटात मी मागच्या सीटवर जाऊन बसले. मला राग आला होता.

“मूसाभाई, एक शब्द सांगितला असता तर काय बिघडलं असतं? मला शिकवायचं म्हनून गप्प बसलात?”

ते खिडकीबाहेर बघत होते. मग कानाशी येऊन म्हणाले, “मला येतच नव्हता.”

“काय?”

“तीस वर्सं झाली. मी तिथं नुसता हात हलवतो आन् पुढं निघतो. कुनी इचारलंच नाय.” आणि अवघडून विचारलं, “काय म्हनाला तो म्हातारा?”

“गुत्येर.”

त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मधेच थांबले आणि त्यांचा चेहरा फुलला.

“आगं, ‘गुत’ तर मला ठाऊक हाय! गुत म्हंजे थेंब! थेंबाची वाट, ती गुत्येर!” त्यांनी माझा हात धरला. “आता गाभाऱ्यात मीबी थांबनार. सांग, पुन्हा नीट म्हनून दाखव.”

मी म्हणून दाखवला. घाट उतरेपर्यंत ते माझ्या मागं म्हणत राहिले, आणि जिथं चुकले तिथं मी समोरच्या सीटवर टकटक करत होते.